पाहणी संपेपर्यंत मौन

१ डिसेंबर २००३, सोमवार

मुंबईच्या संस्थेचं पत्र आलं. मुलांच्या मनाचे डॉक्टर झालेल्या तरुणांना व्यसनाच्या संशोधनाकडे वळवायचं, असा त्यांचा नवा अभ्यासक्रम आहे. ग्रामीण केंद्र म्हणून महाडचा विचार चालू. आधी तीन महिन्यांची चाचणी, दोन शिकाऊ डॉक्टर. स्थानिक मार्गदर्शक मी. २८ फेब्रुवारीला समिती येऊन बघणार. पसंत पडलं तर केंद्र कायमचं इथे, दरवर्षी पाच डॉक्टर.

बावीस वर्षं घसा फोडून हेच सांगतोय. माणूस दारू सोडवायला माझ्याकडे येतो चाळिशीत, पण तंबाखूची पहिली चिमूट त्याने नवव्या वर्षी तोंडात टाकलेली असते. त्या नऊ वर्षांच्या पोराचा अभ्यास कोण करतो? मुलांचे डॉक्टर म्हणतात, व्यसन आमचा विषय नाही. व्यसनाचे डॉक्टर म्हणतात, मुलं आमचा विषय नाही. मधल्या मध्ये पोर जातं. (हे वाक्य माणगावला वापरलं होतं. टाळ्या.)

संकल्प: शिकाऊंना रोज दोन तास व्याख्यान. एकूण चाळीस विषय काढले.

माधुरीने विचारलं, अहो, व्याख्यान द्या असं पत्रात कुठे लिहिलंय? मार्गदर्शन म्हणजे काय, ते तिला समजावून सांगितलं. भात करपला.

४ डिसेंबर, गुरुवार

दोघं आले. डॉ. रितेश मूळचा पाचाडकडचा, वाढला मुंबईत. बोलत नाही, सारखं लिहितो. डॉ. गौतमी पोलादपूरची. आठवीत असताना माझं भाषण ऐकलं होतं म्हणाली. काय आठवतं, विचारलं. म्हणाली, "तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत आणि पाण्याचा ग्लास खाली पडला." बीज तेव्हाच पडलं म्हणायचं.

स्वागताचं भाषण एक तास पन्नास मिनिटं. नोंदवहीत ११४१ वं. रितेश झोपला. प्रवासाचा शीण.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज गौतमीने कामाची पद्धत सांगितली. चौदा शाळा. मुलांना आधी विचारायचं. चिठ्ठीवर नाव नाही, पेटीला कुलूप, मास्तर वर्गाबाहेर. विचारण्याआधी भाषण नाही, पोस्टर नाही, शपथ नाही. भाषण ऐकलेलं पोर मोठ्यांना आवडेल ते लिहितं, खरं लिहीत नाही, असं तिचं म्हणणं. पाहणी संपली की अर्ध्या शाळांत माझी भाषणं, अर्ध्या शाळांत नाहीत, आणि वर्षाने फरक बघायचा.

म्हणजे पाहणी संपेपर्यंत मला मौन. अंदाजे नऊ आठवडे. एक कागद पुढे केला, तिघांनी सह्या केल्या. मुलांनी सांगितलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हेही त्यातच. जबाबदार म्हणून खाली गौतमीची वेगळी सही.

हसू आलं. रोज दहा जणांना मी 'एका झटक्यात सोडा' म्हणून सांगतो. नऊ आठवडे म्हणजे काहीच नाही.

दुपारी त्यांचं शिक्षण बघायला बसलो. एका मुलाशी तासभर बोलायचं, त्यात पन्नास मिनिटं मुलाने बोलायचं. मुलगा अकरा मिनिटं गप्प. मला राहवेना, त्याचं उत्तर मीच दिलं. गौतमीने विचारलं, "सर, चहा घेणार?" चहा बाहेर ठेवला होता. परत आलो तर दाराला आतून कडी. वाऱ्याने लागली असावी.

७ डिसेंबर, रविवार

वरच्या वाडीत गेलो. पोलादपूरपासून दोन तासांची चढण. गुरं-शेळ्यांवर जगणारी वीस घरं. ठकूबाई म्हातारी चुलीवर तव्यात तंबाखू भाजत बसलेली. करपवायची, चुरायची, झाली मशेरी. दातांना लावायची आणि बसायचं. नात समीक्षा, सातवीत, खाली शाळेत चालत येते. पाच वर्षांची असताना दाढ दुखली तेव्हा आजीनेच लावली. तेव्हापासून आहे.

मी तोंड उघडलं. ठकूबाई म्हणाली, "डाक्टर, आधी बूड टेक. चढून आलायस, दम तरी खा."

गौतमी सरळ तव्याजवळ जाऊन बसली आणि म्हातारीला विचारायला लागली, आच किती ठेवायची, पान कुठलं चांगलं. तासभर हेच! संशोधन म्हणे. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहिलो. तेवढ्यात पोरगी आपणहून गौतमीजवळ सरकली आणि हळूच बोलायला लागली. दिवसातून सहा वेळा. कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी डबी ठेवते. नाही लावली तर वर्गात डोकं फिरतं, फळा हलतो. सोडायची आहे. पण आजीनं प्रेमानं दिलेली, तिला कसं सांगू? गौतमी म्हणाली, "हे तुझं नि माझं. खाली कुणाला कळणार नाय."

उतरताना गौतमीचे डोळे भरलेले. म्हणाली, "सर, विचारल्याशिवाय सांगणारं हे पहिलंच मूल. ती दहा वर्षं आपल्याशी बोलत राहिली, तर पुस्तकात नाही ते कळेल. मला आयुष्यभर हेच करायचंय." भावनाप्रधान मुलगी. घडवावी लागेल.

१४ डिसेंबर, रविवार

मौनाचा नववा दिवस. उत्तम चाललंय. झोप जरा कमी. तळहाताला घाम येतो. कंपाउंडर कुशाबावर तीनदा ओरडलो. तो म्हणाला, "डॉक्टर, बॅटरी अशी तोंडासमोर का धरलीत?" लक्षात आलं नव्हतं.

दूधवाल्याला वीस मिनिटं काही माहिती दिली. भाषण नव्हे.

२१ डिसेंबर, रविवार

दासगावला साखरपुडा. आग्रह झाला. शाळा नाही, मुलं नाहीत, पाहणी नाही, म्हणजे नियमभंग नाही. पस्तीस मिनिटं बोललो. नवरदेवाचे वडील मध्ये उठून पंगतीकडे बघून आले, पण ते त्यांचं व्यवस्थापन. हात स्थिर. दिवसभर प्रसन्न वाटलं. घसा तयार राहावा म्हणून आठवड्यात एखादं हवंच. औषधासारखं.

३१ डिसेंबर, बुधवार

या आठवड्यात: भजनी मंडळाचा वर्धापनदिन, एक शोकसभा, पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, पुन्हा एक शोकसभा (ओळखीची नव्हती, वाटेत होती). सगळं आटोक्यात आहे. मनात आणलं तर उद्यापासून बंद करू शकतो.

नवीन वर्षाचा संकल्प: उद्यापासून बंद.

७ जानेवारी २००४, बुधवार

नऊ शाळा झाल्या. रितेशने चिठ्ठ्या मोजल्या. दर तीन मुलांत एक. गुटखा, मशेरी, तंबाखू. गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी शाळेच्या कुंपणापाशी मिळते. कोण विकतं, तेही पोरांनी लिहिलंय. एकाने चिठ्ठीमागे चित्रही काढलंय, टपरीचं.

संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. मुलांनी इतकं खरं लिहिलेलं त्यांनी कुठे पाहिलं नाही. महाडचं जवळजवळ नक्की, म्हणाले. यामागे माझं मार्गदर्शन कसं आहे ते त्यांना सविस्तर सांगितलं. पस्तिसाव्या मिनिटाला लाइन कट झाली. आपली टेलिफोन सेवा!

गौतमी पहिल्यांदा मोकळेपणी हसताना दिसली. "पाच राहिल्या, सर. फक्त पाच." समीक्षाची शाळा त्यातच; या पाचांच्या तारखा महिनाअखेरीच्या. मधूनमधून ती वाडीत जाऊन येते. पोरगी सहावरून चारवर आली म्हणे. भाषणाशिवाय! योगायोग असणार.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळगूळ देताना माधुरी म्हणाली, "गोड बोला राहू दे. या वर्षी थोडं बोला." थोडं बोलण्याचं महत्त्व यावर सुंदर मुद्दे सुचले. टिपून ठेवले. अकरा पानं.

२५ जानेवारी, रविवार

समीक्षाच्या शाळेचे हेडमास्तर स्वतः दारात. उद्याचे प्रमुख पाहुणे चिपळूणहून यायचे होते, कशेडीत ट्रक आडवा झालाय, घाट बंद. "सर, झेंड्यासमोर दोन शब्द बोला. नाय म्हणू नका."

मी ठामपणे नाही म्हटलं. व्रत आहे, सही केलीय, बुधवारी तुमच्याच शाळेत पाहणी आहे. हेडमास्तर म्हणाले, "मग व्यसन सोडून काहीही बोला की!"

हे मला सुचलंच नव्हतं.

गौतमी आणि रितेश वर्गासाठी मुंबईला, मंगळवारी परत येतील. उगाच फोन करून त्रास नको. माधुरी म्हणाली, "जाऊ नका. तुम्हाला नाही जमायचं." बावीस वर्षांचा संसार, आणि हा विश्वास.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी दोन

आयुष्यातलं सर्वश्रेष्ठ भाषण झालं. आताच लिहून ठेवतो, छाती अजून भरून आहे.

एक तास पंचवीस मिनिटं. सहाशे चाळीस मुलं. सुरुवात संविधानाने. तिथून स्वातंत्र्य. स्वातंत्र्यातून गुलामगिरी. आणि गुलामगिरीवर आल्यावर व्यसनाशेजारून वळसा घालून जायचं, म्हणजे श्रोत्यांची फसवणूक झाली असती. मी माझ्या विवेकाशी बेईमानी करू शकत नाही. तीन मुलं चक्कर येऊन पडली. ऊन होतं, पण विषयही तसा होता.

मग दाखल्याची गरज पडली. पुस्तकातला दाखला मुलांना भिडत नाही, मातीतला लागतो. नाव घेतलं नाही. तेवढी नीती मी पाळतो. एवढंच म्हणालो, याच शाळेत, सातवीच्या वर्गात, वरच्या वाडीतून शेळ्या सोडून चालत येणारी एक लेक आहे. तिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी काय आहे? मशेरीची डबी! दिवसातून सहा वेळा! आणि ती दिली कोणी? सख्ख्या आजीने!

स्तब्धता. सहाशे चाळीस डोकी एकाच वेळी एका बाजूला वळली, भाताच्या शेतावरून वारा जावा तशी. बावीस वर्षांत अशी शांतता मला कुठल्या सभेने दिली नव्हती.

मग शपथ. सगळे हात वर. सातवीच्या रांगेत एक हात नव्हता. मान खाली घालून बसलेली कोणीतरी. शाळांतली शिस्त कमी झालीय, हेडमास्तरांच्या कानावर घातलं.

नोंदवहीत या भाषणापुढे तारा काढला.

२८ जानेवारी, बुधवार

त्या शाळेत पाहणी झाली. पाचवी ते सातवीच्या दोनशे बारा चिठ्ठ्या. दोनशे अकरा जणांनी लिहिलं: नाही. तंबाखू नाही, गुटखा नाही, मशेरी नाही, कधीच नाही.

गौतमीचं अभिनंदन केलं. दोन दिवसांत आख्खी शाळा व्यसनमुक्त! ती चिठ्ठ्या पुन्हा मोजत होती. रितेश म्हणाला, इतर शाळांत तिघांत एक आणि इथे शून्य, आमच्या अभ्यासातला हा सगळ्यात बोलका आकडा आहे सर. हे लेखी दे म्हणालो.

उरलेल्या एका चिठ्ठीवर कुठेच खूण नव्हती. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: 'त्या सरांना विचारा. ते सगळ्यांना सांगतात.'

मुलांचा एवढा विश्वास मिळणं सोपं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

समीक्षा सव्वीस तारखेपासून शाळेत आलेली नाही. झेंडावंदन संपल्यावर पोरांनी तिची कंपासपेटी हिसकावली, डबी वर्गभर फिरवली. 'मशेरी, मशेरी' म्हणून ओढ्यापर्यंत मागे गेली. हे गौतमीने सांगितलं, खिडकीकडे तोंड करून.

म्हणालो, सुधारणेच्या वाटेवर सुरुवातीला त्रास व्हायचाच. तिने विचारलं, "सर, त्रास कुणाला झाला?"

प्रश्नाला प्रश्न. संशोधकांची सवय.

१ फेब्रुवारी, रविवार

वाडीत गेलो, गौतमी आणि मी, दोघंच. गैरसमज दूर करणं माझं काम. समीक्षाचा बाप सोमा कुंपणाच्या बेड्यातच, फाटकाशी, काठी घेऊन उभा. म्हणाला, "ताई, तू ये. हा नको." मग थोडं थांबून, "नाय. तू पण नको. ह्याला कळलं ते तुझ्याकडनंच ना?"

आतून ठकूबाईचा आवाज आला. "पोरीनं पोटातलं काढून तुझ्या पदरात टाकलं गो. आणि तू ते गावाला वाटलंस? माझ्या तव्याशी बसली व्हतीस ना तू?"

सांगणारी ती नव्हती, मी गोठ्याच्या दाराशी ऐकलं होतं, एवढं एक वाक्य गौतमी म्हणू शकली असती. म्हणाली नाही. का, ते कळलं नाही. मी पुढे होऊन परिस्थिती समजावायला लागलो. सोमा म्हणाला, "मायक नाय हितं, डाक्टर." आणि कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली.

उतरताना दोन तास मी आजच्या अनुभवाचं विश्लेषण केलं. गौतमीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ऐकणं शिकतेय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या तीन वाड्यांनीही येऊ नका म्हणून सांगितलं. उरलेल्या चार शाळांत पालकांची परवानगी नाही. बातमी जीपच्या आधी पोचते. पाहणी थांबली.

मोकळा वेळ म्हणून गौतमीची प्रश्नावली भाषेच्या दृष्टीने तपासली. 'कमी कर असं कुणी म्हटलं तर राग येतो का?' वेडगळ प्रश्न. राग कुणालाही येईल. 'एकदाच म्हणून सुरू केलं आणि थांबता आलं नाही, असं होतं का?' संदिग्ध. 'त्यापायी दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं का?' मुलांना हे समजणार नाही. तिन्ही खोडून टाकले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

समिती आली. तिघं. मला पाच मिनिटं दिली होती, तयारी चाळीस पानांची.

आधी गौतमी. सहा मिनिटं बोलली. नऊ शाळांचं काम टिकाऊ, पुढचं वाया गेलं. एका मुलीने विश्वासाने सांगितलेलं बाहेर गेलं. तिची शाळा सुटली, घराने दार लावलं. "चूक आमच्या गटाची आहे."

अध्यक्षांनी विचारलं, बाहेर गेलं कसं? नेमकं कोणाकडून?

गौतमी माझ्याकडे बघत होती. रितेशचं लिहिणं थांबलं होतं. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. असा क्षण वक्त्याच्या आयुष्यात क्वचित येतो. मी उभा राहिलो.

जबाबदारी ही कुणा एकाची नसते, ती समाजाची असते, या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो. आवाज छान लागला होता.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग कागदावरच्या सह्या बघितल्या. जबाबदार म्हणून सही गौतमीची.

५ मार्च, शुक्रवार

निकाल आला. केंद्र महाडला नाही. कशेडीच्या पलीकडे कुठेतरी. रितेशला तिकडे घेतलं. गौतमीला अभ्यासक्रमातून काढलं. दिलेला शब्द न पाळणाऱ्याला मुलांवर संशोधन करता येत नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे.

रितेश जाताना पाया पडला नाही. कुशाबाशी मात्र दहा मिनिटं बोलत होता.

महाडची अशी संधी गेली, त्याला जबाबदार: समितीची घाई, हेडमास्तरांचा आग्रह, कशेडीचा ट्रक.

२८ मार्च, रविवार

कुशाबाने बातमी आणली. गौतमी पोलादपूरलाच आहे. वडिलांच्या ओटीवर पेशंट बघते, आणि दर रविवारी वाडीत जाते. आत कोणी घेत नाही. बेड्याबाहेरच्या दगडावर दोन तास बसते आणि उतरते. चार रविवार झाले. गेल्या खेपेला ठकूबाईने कोणाकरवी तांब्याभर पाणी पाठवलं. बोलली नाही. पोरगी शाळेत जात नाही, शेळ्या राखते. मशेरी आठ वेळा.

जेवण गेलं नाही. अपचन असावं.

समीक्षाला पत्र लिहिलं. नऊ पानं. माधुरीने बसून वाचलं आणि लाल पेनाने खोडत गेली. पानंच्या पानं. शेवटी पाचव्या पानाच्या तळाशी अर्धी ओळ उरली: 'चूक माझी होती, गौतमीची नव्हती.' म्हणाली, "एवढंच जाऊन सांगा. पुढे एक अक्षर नाही. मग खाली या."

बावीस वर्षांत तिने मला पहिल्यांदाच विषय दिला. संकल्प: पुढच्या रविवारी वाडी. एक वाक्य.

४ एप्रिल, रविवार. संध्याकाळी सहा

गेलो. चढताना वाक्य पाठ करत होतो. गौतमी दगडावर बसलेली. मला बघून उठली, पण गेली नाही. सोमाने काठी उचलली, मग का कोण जाणे, बाजूला झाला. ठकूबाई दारात येऊन उभी राहिली. समीक्षा शेळ्या घेऊन निघालेली, ती थांबली. माझ्याकडे सरळ बघत उभी राहिली.

सगळे ऐकायला तयार होते. सगळे.

वाक्य एकदम म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून थोडी पार्श्वभूमी घेतली. माणसाच्या इतिहासात चुकांचं स्थान. मग थोरांच्या चुका. मग चूक कबूल करायला लागणारं धैर्य, ते का दुर्मीळ झालं. वर वारा चांगला होता, आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जात होता. गौतमी कधी उतरून गेली ते दिसलं नाही.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा पोरीने विचारलं, "संपलं काय? शेळ्या पुढं गेल्या माझ्या."

म्हटलं, आता मुद्द्यावरच येतोय, बाळ.

ती गेली.

घरी आल्यावर माधुरीने दारातच विचारलं, सांगितलंत? नोंदवही काढली. क्रमांक ११७०. स्थळ: वरची वाडी. वेळ: पन्नास मिनिटं. श्रोते: चार, शेवटी सोमाचं कुत्रं.

वाक्य राहिलं.